नारूचे डॉक्टर

ज्या वर्षी माझ्या बाबांच्या पायातून नारू निघाला, त्या वर्षी आमची वांगी झाडावरच पिवळी पडली. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. पायाला फोड येतो, फुटतो, त्यातून तो डोकं काढतो. मग काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटतो आणि माणूस खाटेला खिळतो. बाबांचा तुटला. मोट हाकायला कोणी नाही म्हणून थोरल्या दादाने शाळा सोडली. मी लहान, म्हणून माझी राहिली. रिठदजवळच्या आमच्या गावात माळ्याच्या घरातला पहिला बी.ए. मी झालो तो असा. हे मी अभिमानानेच सांगतो, पण दादाचं नाव आधी घेतो.

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. वाशिमला मास्तरकी मिळेपर्यंत मी घरीच होतो. तेवढ्यात कळलं, मुंबईचे कोणी डॉक्टर पिंगळीकर नारूवर प्रबंध लिहून एम.डी. व्हायला आमच्या गावात येताहेत. मला नवल वाटलं. आम्ही ज्याला शिव्या देतो, त्यावर पदवी मिळते?

ते आमच्या मळ्यातल्या खोलीत उतरले. बाबा रामराम करायला पुढे झाले, तर डॉक्टर एकदम खाली वाकले. शिकलेला माणूस आपल्या पाया पडतोय म्हणून बाबा घाबरून मागे सरले. डॉक्टर त्यांच्या घोट्यावरचा व्रण पाहत होते.

"तुटला होता वाटतं?" त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नावर बाबा त्यांचे झाले.

डॉक्टर माणसांची तोंडं पाहतच नसत. आई एकदा मला म्हणाली, "काल बजारात मी समोरून आली, ह्या डाक्टरानं वळखलंच नाही. मंग पायाकडं पाह्यलं अन् म्हणे, अरे, काकू! तोंड कायले देल्लं रे देवानं आपल्याले?"

दुसरी खोड म्हणजे "पुरावा काय?" हे पालुपद. आई म्हणाली, भाकरी गरम आहे, की हे म्हणणार, "पुरावा काय?" एकदा तिने तव्यावरची भाकरी सरळ त्यांच्या तळहातावर ठेवली. डॉक्टर हात झाडत म्हणाले, "मान्य!"

माझ्या चुलत बहिणीला पाहायला शिरपूरचे पाहुणे आले, तेव्हा डॉक्टरांना मानाने बैठकीत बसवलं होतं. मुलीला नाव विचारून झालं. मग डॉक्टर नवऱ्या मुलाला म्हणाले, "जरा जोडा काढता?" मुंबईकडची काही रीत असेल, असं समजून त्याने काढला. डॉक्टरांनी पायावरचा नारूचा जुना व्रण निरखला. "वा! सबंध निघालाय. सुरेख!" पाहुणे खूश. आपल्या मुलाची एवढी तारीफ त्यांनी आजवर ऐकली नव्हती. लग्न तिथंच ठरलं.

आता प्रबंधाचं. गावात पायऱ्यांच्या दोन विहिरी, एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. नारू निघालेला पाय पाण्यात बुडाला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी पोटात गेलं की वर्षभराने नवा नारू. हे डॉक्टरांनी मला समजावलं, आणि बेतही सांगितला. वरच्या आळीने पाणी फडक्यातून गाळून प्यायचं, खालच्या आळीने नेहमीसारखं. मग दोन्हींचा नारू ताडून पाहायचा.

"अहो बी.ए., दुसरी बाजू नसेल तर पुरावा कसला?"

मलाही ते पटलं. शिकलेला होतो ना!

डॉक्टरांनी वाशिमहून मांजरपाट आणून वरच्या आळीत वाटला. आठवड्याने पाहतात तर आळीतली सगळी पोरं एकसारख्या नव्या कुडत्यांत! कोरं कापड पाण्यावर वाया घालवायचं, हे कोणत्याच बाईला पटलं नव्हतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि दुसरा तागा आणला. या खेपेला जुनी फडकी गोळा केली आणि नवं कापड पोरींसाठी दिलं.

आणि खालच्या आळीतून सकराबाई आली. एकटी बाई, दोन पोरी. थोरलीच्या पायाला काडी बांधलेली. तिने पोरीला डॉक्टरांच्या उंबऱ्यावर बसवलं.

"पुरावा पाह्यजे न तुमाले? हा घ्या! वरच्या आळीले फडकं, अन् आमाले काहून नाही? आमच्या पायातून काय सोन्याचा गोफ निघून राह्यला?"

डॉक्टर खाली बसून पोरीचा पाय पाहू लागले. मीच पुढे होऊन शास्त्र सांगू लागलो.

"तू चूप रे," ती म्हणाली. "तुह्या बापाचा पाय सुजला तवा शेक द्याले मी आलती. माह्या धाकटीले उद्या निघाला, तर तुहं शास्तर येईन का?"

ती गेली. डॉक्टर दिवसभर जेवले नाहीत. थोरलीच्या पायाला मात्र रोज जाऊन पट्टी बांधू लागले.

पुढच्या सोमवारी जेवणाची वेळ टळली तरी त्यांचा पत्ता नव्हता. शोधत गेलो तर भर उन्हात खालच्या विहिरीच्या वरच्या पायरीवर बसलेले. आपली दोन्ही चांगली धोतरं फाडून बायकांच्या घागरींना एकेक फडकं बांधत होते.

"ढिलं बांधून राह्यले तुमी, डाक्टर भाऊ," सकराबाई रागवत होती. "आवळा न जरा!"

मी हळूच विचारलं, "डॉक्टर, मग दुसरी बाजू?"

"ती धाकटी पुढच्या उन्हाळ्यात लंगडली असती ना, तर मला ते पुरावा म्हणून लिहावं लागलं असतं." त्यांनी गाठ आवळली. मग खाली पाहत म्हणाले, "आणि खरं सांगू, बी.ए.? मुंबईला माझ्या दाराशी भांडायलासुद्धा कोणी येत नाही."

सकराबाईने त्यांच्या हातातली घागर काढून घेतली. "उठा आता. आधी घासभर खाऊन घ्या आमच्या इथं."

ते गेले. आमच्या घरचं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

प्रबंध परत आला. ताडून पाहायला काहीच नाही, असा शेरा होता. डॉक्टरांना एम.डी. बऱ्याच उशिरा मिळाली, तीही हिवतापावर. आमच्या गावात पुढच्या उन्हाळ्यात आधीचे राहिलेले थोडे नारू निघाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकाही आळीत, एकाही माणसाला नारू झाला नाही.