परचुरेकाकांचा पहिला भाग

आमचे परचुरेकाका जपानी कार्टून बघताना रडतात. साठी उलटलेला माणूस, अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि समोर बशीएवढ्या डोळ्यांची पोरं प्रेमात पडतायत. मध्येच दूधवाल्याने बेल वाजवली, तर सिल्व्हर पार्कच्या आमच्या मजल्याभर ऐकू जाईल असं ओरडतात, "भैया, रुको! लडकी अभी आयी है!"

मी नववीनंतर शाळा सोडून उदगीरहून इकडे आलो, भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात लागलो. राहायला जागा नव्हती, काकांनी आपली आतली खोली दिली. त्या उपकाराखाली मी इतका वाकलेलो, की त्या कार्टूनचा तोच पहिला भाग बघायला पुन्हा बसवलं तरी नाही म्हणवत नसे.

सीडी स्टेशनबाहेरच्या गाडीवरची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि त्यावर काकांचं मराठी. गोष्ट एवढीच, की नव्या गावात आलेला मुलगा बसमध्ये झोपतो आणि थेट शेवटच्या स्टॉपला उतरतो. पायात दोन रंगांचे मोजे. तिथे उभ्या असलेल्या मुलीला ते दिसतात.

"बघ, हसली नाही! आपली फाटकी बाही पुढे केली. गाढवा, इथे जुळलं!" काका पंच्याने डोळे पुसत. "हा कडक इस्त्रीत उतरला असता ना, तर ती सरळ घरी गेली असती. पहिल्याच भागात फजिती दिसली पाहिजे. मग पुढे कितीही भाग काढा!"

मला त्यातून एवढंच कळायचं, की बसमध्ये झोपू नये.

मग काशीगावच्या एका घरून मला मुलगी बघायला बोलावणं आलं. माझं गाव लांब, म्हणून वडीलधारे काकाच. मधल्या माणसाने परस्पर 'मुलगा बारावी' असं सांगून ठेवलेलं. रिक्षात मला घाम फुटला.

"काका, खरं कळलं तर मोडेल हो."

"मोडू दे. लग्नाआधी मोडेल."

पोहे आले. मुलीचं नाव सुनंदा. तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "बारावीला टक्के किती पडले?"

"नववी," काका भरल्या तोंडाने म्हणाले. "तीही नापास."

सगळ्यांचे चमचे थांबले. मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"पण कामाला वाघ आहे," काकांनी भर घातली आणि लिंबू पिळलं.

वडिलांनी बशी खाली ठेवली. आता 'या' म्हणणार, एवढ्यात सुनंदा बोलली, "मी टायपिंगला दोनदा नापास झालेय. घरी एकदाच सांगितलंय."

"काय गं?" आई किंचाळली.

"बाही!" काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बाही दाखवली, बाही!"

आईने घाबरून आपला ब्लाउज तपासला. वडिलांना मात्र हसू आवरेना. "जा, गच्चीत जाऊन बोला दोघं," ते म्हणाले.

मी खाली आलो तेव्हा काका जिन्याच्या पायरीवर एकटेच बसलेले. शेजारी टेकलो. "हो म्हणाली," मी सांगितलं. "पण काका, मोडलं असतं तर?"

"माझं नव्हतं मोडलं," ते म्हणाले. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बघायला गेलो तेव्हा आईने बजावलेलं, चकार शब्द काढायचा नाही. नाही काढला."

इतके दिवस एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

"बायको डाव्या बाजूला झोपायची. दिवसभराचं हळू आवाजात सांगायची म्हणे. मी आपला गप्प. तिला वाटलं, या माणसाला मी नकोच आहे. शेवटी कानाचं सांगितलं, तोवर तिचं बोलणंच संपलेलं. गेली माहेरी."

काका उठले, मला ओलांडून पलीकडे बसले आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"हं. गच्चीत काय काय म्हणाली? सावकाश सांग."