पाण्याला जोर नाही

"पाईप ठणठणीत आहेत! माझ्यापेक्षा चांगली तब्येत आहे त्यांची," बाबांनी जाहीर केलं, आईच्या आणि मुलीच्या हाती एकेक बादली दिली आणि तिसरी स्वतः घेतली.

घर पन्नास वर्षांचं. नळाचं पाणी म्हणजे सर्दी झालेलं नाक, धड वाहत नाही, धड थांबतही नाही! मुलीचं म्हणणं होतं, पाईप आतून गंजलेत. प्लंबर बोलवा, बाथरूमची भिंत फोडा, नवे टाका. पण त्या भिंतीच्या टाइल्स बाबांनी एका रजेत स्वतः बसवल्या होत्या. रांग खिडकीकडे उतरत गेली होती, तरी पाहुण्यांना ते हात धरून दाखवायला न्यायचे.

"मी 'सोडा' म्हटलं की तिघांनी एकदम नळ सोडायचे. बादली किती वेळात भरते ते मोजायचं."

"बाबा, तिन्ही एकदम सोडले तर पाणी वाटलं जाईल. एका वेळी एकच नळ."

"मग तुलना कशी होणार? शर्यतीत माणसं एकेकटी पळवतात का?"

"माझं दूध गॅसवर आहे," स्वयंपाकघरातून आई ओरडली. "काय पळवायचं ते लवकर पळवा!"

"सोडा!"

मुलीच्या बादलीचं बूड जेमतेम झाकलं. आईचं दूध उतू गेलं. आणि वेळ मोजता मोजता बाबांचं घड्याळ हातातून सुटून त्यांच्याच बादलीत पडलं.

"टाकीखालचा व्हॉल्व्ह तरी बघितलात?"

"सकाळीच! चाक लोण्यासारखं फिरतं. तो निर्दोष सुटला."

"तुम्हाला काही सांगण्यात अर्थच नाही," म्हणत मुलगी ओल्या पायांनी खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

दीड महिन्यानं तिनं प्लंबर बोलावला. त्यानं एकेक नळ उघडून पाहिला, पान्ह्यानं पाईपवर टकटक केली आणि मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली. "ताई, भिंत फोडावी लागणार." टाइल्सवर त्यानं खडूनं फुली मारली.

आईनं ओल्या फडक्यानं फुली पुसली.

त्यानं पुन्हा मारली. आईनं पुन्हा पुसली.

"काकू, अशानं फोडायचं कुठे ते मला कळायचं कसं?"

"मला काय विचारता? भिंत फोडायची घाई हिला होती."

इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती. आता मात्र ती टाइल्सच्या उतरत्या रांगेकडे बघत राहिली. पण घरात पाणी तर हवं! शेवटी भिंतीकडे न बघता ती म्हणाली, "फोडा."

फोडण्याआधी पाणी बंद करायला प्लंबर गच्चीवर गेला. ती शॉवर सोडून खाली उभी राहिली.

"थांबलं का?"

"नाही!"

"आता?"

"तेवढंच येतंय!"

"कमाल आहे! चाक तर फिरतंच चाललंय!"

फिरत होतं ते नुसतं चाक. आतली चकती दांड्यापासून निसटून वाटेत आडवी पडली होती. वरून चाक कितीही फिरवा, ती आपली जागची हलत नव्हती!

टाकी रिकामी झाली, नवा व्हॉल्व्ह बसला. मोकळ्या केलेल्या पाईपमध्ये प्लंबरनं बॅटरी मारून पाहिलं. "ताई, किरकोळ गंज आहे. चांगले टिकलेत पाईप. भिंतीला हात लावायचं कारण नाही."

शॉवर बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यानं वरून पाणी सोडलं तेव्हा ती नेमकी त्याखालीच उभी होती. डोक्यावर बादलीच उपडी व्हावी तसा मारा आला! चष्मा नाकावरून घसरला, केस तोंडावर आले. बाजूला व्हायचं सोडून ती भिंतीला तळवा टेकून उभी राहिली. उभ्या जन्मात बाबांना तिनं हे एकदाही म्हटलं नव्हतं.

"तुमचं बरोबर होतं," ती पुटपुटली.

"काय म्हणालात ताई?" गच्चीवरून आवाज आला. "बंद करू का?"

"नको! तुम्हाला नाही म्हणाले!"

मग, पाण्याच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं!"