रेडिओ लावून विचारणारे नाना

त्या दिवशी धुळ्यात रक्तपेढीच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझे दीर आबा, माझा पोऱ्या भिका, आणि रगत तपासणारे नाना. लेक सुमन पलीकडच्या वॉर्डात. बाळंत झाली, पण अंगावरून इतकं गेलं की डॉक्टर म्हणाले, रगत आणा, लवकर.

नाना म्हणजे नुसती काडी. कोट घातलेला नाही, खुंटीला टांगलाय असं वाटायचं. कोणी रगत द्यायला आलं की ते आधी रेडिओ लावायचे. मोठ्ठ्यानं. मग दार लोटून त्या माणसाला कानात विचारायचे. बाहेरच्यांना फक्त कापसाचे भाव ऐकू यायचे. अन् ज्याचं रगत घ्यायचं नाही त्याला सगळ्यांसमोर एकच सांगायचे, "रक्त पातळ आहे. गूळ-शेंगदाणे खा." पैलवान असला तरी तेच. दवाखान्यातले वॉर्डबॉय त्यांना मागून गूळ-शेंगदाणेच म्हणायचे.

आबांचं वय जास्त, ते बाद झाले. राहिला भिका. पण आबा बाहेर जाईनात.

"मन्हा पुतन्या शे. जे इचारनं ते मन्हासमोर इचारा."

नानांनी विचारलं. कावीळ झाली होती का? नही. सुया टोचून घेतल्या का? नही. ट्रकवर असतोस, बाहेर कुठं जातोस का? भिकानं आबांकडं पाहिलं. नही.

नाना म्हणाले, "आबा, सुमनचा केसपेपर हवा. घेऊन या." आबा गेले, मला बाहेर काढलं, रेडिओ लागला. बराच वेळ भाव चालले. मग दार उघडून नाना म्हणाले, "पातळ आहे. गूळ-शेंगदाणे..."

मी पेटले. "पातळ? एकटा कापसाची गाठोडी गाडीवर फेकतो! तुमचंच तपासा!"

फाटकाशी एक जण रगत विकायला बसायचा. आबांनी त्याला दंडाला धरून आणलं. नाना दारातच आडवे झाले. "याचं घेणार नाही. हा दर आठवड्याला कुठं ना कुठं विकतो."

"अन् मन्ही पुतनी मरी गयी त?" आबा ओरडले.

नाना माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "अक्का, वय काय?"

"पन्नाशी आली असंल."

"बसा टेबलावर."

आबा हसले. "बाईमानूस रगत देस का कधी?"

"नऊ महिने दिलंच की," नाना म्हणाले.

खरं सांगते, जीपभर माणसं आणायचा विचार आम्ही केला, माझा कोणी केला नाही. मीसुद्धा नाही. माझं रगत तपासलं, जुळलं. ती बाटली सुमनला चढेपर्यंत नाना नळ्या घेऊन पायऱ्या चढत-उतरत होते. जेवलेही नाहीत. सुमन वाचली.

पंधरा-वीस दिवसांनी, रविवारी, नाना एसटीनं आमच्या गावी आले. भडगावपासून पुढं चालत. मला वाटलं माफी मागायला आले. ते भिकाला घेऊन विहिरीवर गेले अन् दुपारपर्यंत तिथंच बसले. भिकानं त्या दिवशी दार लोटल्यावर आत खरं सांगितलं होतं, म्हणून नानांनी त्याचं रगत वेगळं तपासायला पाठवलं होतं. तो नवा आजार निघाला, ज्याचं नाव लोक तेव्हा तोंडातल्या तोंडात घ्यायचे.

मी विचारलं, "नाना, पत्र टाकायचं ना. एवढं कशाला आलात?"

"तुमच्याकडं पत्र कोण वाचतं, अक्का?"

आमच्याकडं पोस्टमन वाचायचा. पारावर उभा राहून.

भिका पुढं तीन वर्षं जगला. गावाला कळलंच. आधी आबा यायचे थांबले, मग आमच्या घरचं पाणी कोणी पिईना. नाना मात्र महिन्यातून एक रविवार यायचे. भिकाच्याच ताटात भाकरी मोडायचे. एकदा मी म्हटलं, तुमचा सुट्टीचा दिवस आमच्यात जातो. ते ताटाकडं बघत म्हणाले, "घरी मी एकटाच असतो, अक्का. इथं कोणी वाढतं तरी."

भिका गेला तेव्हा तिरडीला चौथा खांदा मिळेना. चौथा नानांनी दिला.

आता लपवून काय करायचं, म्हणून सांगितलं. तुम्ही जे कोणी हे वाचत असाल, तुमच्या गल्लीत असं कोणी आजारी असेल तर त्याच्याकडं जा. अन् वाढलं तर जेवून या.