दोनशे तेरा दोन

आमच्या सातपूरच्या नटबोल्टच्या कारखान्यात १९८१ साली दोनशे तेरा कामगार होते. त्यांत पॅकिंगच्या चौतीस बायका होत्या आणि बायकांसाठी संडास नव्हता. कामगार कल्याण समितीपुढे हा विषय नऊ वर्षं विचाराधीन होता. दर वर्षी अध्यक्षपदासाठी नारळ पॅनेलचा रंगनाथ आणि पतंग पॅनेलचा बहिरू उभे राहत, दोघेही संडासाचं आश्वासन देत आणि निवडून येईल तो जागेची पाहणी करी. पाहणीला चहा असे.

बायका कुंपणाच्या तारेखालून पलीकडच्या बाभळीत जात, नाहीतर दिवसभर पाणीच पीत नसत. पॅकिंगच्या लंकाबाईला मूतखडा झाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्या वर्षी ती स्वतः उभी राहिली. मी टाइम ऑफिसातला कारकून. मला तिचं फार कौतुक वाटलं.

"पण बाई, तिसऱ्याला दिलेलं मत फुकट जातं," मी म्हणालो.

हे कल्याण अधिकाऱ्यांनी ऐकलं. त्यांचे शिक्षक मेहुणे नुकतेच विधान परिषदेला पसंतीक्रमानं मत देऊन आले होते. लगेच परिपत्रक निघालं: 'मतदारांनी उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहावेत. निम्म्याहून अधिक पहिली पसंती कोणासही न मिळाल्यास, सर्वांत कमी पहिली पसंती असलेला उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढील पसंतीस जातील. सबब कोणाचेही मत फुकट जाणार नाही व दोन पॅनेलांची मक्तेदारी संपुष्टात येईल.'

मक्तेदारी ताबडतोब संपुष्टात आली. मत फुकट जाणार नाही म्हटल्यावर लेथ, प्लेटिंग, स्टोअर, सगळ्यांनी आपापला माणूस उभा केला. दोनाची सात पॅनेलं झाली. सातांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. सर्वांच्या पत्रकांवर छापलं होतं, 'एक आम्हाला, दोन लंकाबाईंना.'

"दोन तुमालाच, लंकाबाई," रंगनाथ हात जोडून म्हणाला.

"आन् एक?"

"एक मलाच टाकावा लागंल. पॅनेलची शिस्त हाय."

शेजारच्या टेबलावरच्या शकुबाईचा नवरा लेथवर होता. ती म्हणाली, "एक घरात द्यावा लागतो गं. पर दोन तुलाच, देवाशपथ."

मतमोजणी माझ्याकडे होती. दोनशे तेरा मतपत्रिकांवर लंकाबाईच्या नावापुढे दोनचा आकडा होता. दिलेला शब्द एकानंही मोडला नव्हता. पहिली पसंती शून्य.

"तुमचं स्वतःचं तरी?" मी विचारलं.

"आपल्याच नावाम्होरं एक कसा लिव्हायचा, भाऊ? बरं दिसतं का? रंगनाथभाऊ जुना मानूस, त्यांना दिला."

नियमानुसार ती पहिल्याच फेरीत बाद झाली. मग लेथ, प्लेटिंग, स्टोअर अशी पाचही नवी पॅनेलं ओळीनं गळाली. त्यांची दुसरी पसंती आधीच बाद झालेली असल्यानं मतं तिसऱ्या पसंतीला गेली, आणि तिसरी पसंती प्रत्येकानं निवडून येईलसा वाटणाऱ्या माणसाला, म्हणजे रंगनाथला नाहीतर बहिरूला, दिली होती. शेवटी नारळ आणि पतंग उरले. रंगनाथ एका मतानं निवडून आला. ते मत कोणाचं असू शकतं, हे मी लंकाबाईला सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिला, 'पॅनेलांची संख्या दोनवरून सातवर गेली. प्रयोग यशस्वी.' रंगनाथनं जागेची पाहणी केली. पॅनेलं सात असल्यानं चहा जास्त लागला.

दुपारी लंकाबाई माझ्या खिडकीशी आली. "भाऊ, तुमचा बी दोनच ना?"

"मतदान गुप्त असतं, बाई," मी म्हणालो. मला लाज वाटली. ती कुंपणाकडे गेली आणि वाकून तारेखालून पलीकडे झाली.

तुम्ही तिथं असता तर तिच्या नावापुढे एकच लिहिला असता, हे मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात कारखान्यातला प्रत्येक जण मला शपथेवर सांगत होता, की त्यानं एकच लिहिला होता.