तळोद्याच्या संगणककक्षाची पन्नी कैसी उतरली

स्वस्ति. सातपुड्याचे पायथ्याशी तळोदे म्हणोन जे बाजारपेठेचे नामांकित ठाणे, तेथील एका महाविद्यालयात संगणककक्षावरून जो बखेडा माजला, त्याच्या बहुत खोट्या हकीकती चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत चालू आहेत. सबब खरे काय जाहले ते पुढील पिढ्यांस कळावे, म्हणोन हा मजकूर यथास्थित लिहिला असे. वाचणाराने चित्त स्थिर करावे आणि मोबाईल उपडा ठेवावा.

तरी प्रथम मोहिमेचे सरदार सांगतो. मुनव्वर पिंजारी, ज्यांस गाव सर म्हणते, राहणार तळोदे. घराणे पिढीजात रुई पिंजणारे. वडिलांनी उभा जन्म लोकांच्या गाद्या भरल्या, आणि चिरंजीव पुण्यास जाऊन संगणकाचे प्रोग्राम लिहू लागले, आणि विशीपासून साठीपर्यंत तोच धंदा करून, डोळ्यांस जाड भिंगे व कंबरेस पट्टा ऐसा सरंजाम कमावून, बीबी शिरीन यांसह स्वमुलखी परतले. घरचे सामान एका टेम्पोत मावले. मते मावली नाहीत, ती सरांनी तोंडी आणली.

मते तीन प्रांतांची होती. तंत्रज्ञानाविषयी सर म्हणत की, दर पाच वर्षांनी नवी भाषा तख्तावर बसते आणि जुनीस नालायक ठरविते, आणि आत शिरून पाहावे तो तेच जुने खांब नव्या रंगात उभे. शिक्षणाविषयी म्हणत की, अभ्यासक्रम मुंग्यांचे चालीने वर्गात पोहोचतो, तोवर जे शिकवायचे त्याचे वर्षश्राद्ध होऊन गेलेले असते. आणि राजकारणाविषयी म्हणत की, पक्ष म्हणजे निव्वळ आवृत्ती. आवृत्ती बदलते, आतला बग तोच राहतो. ही मते टपरीवर रोज संध्याकाळी जाहीर होत, आणि टपरीवाला दुसरा चहा विचारावयाचे धाडस करीत नसे, कारण सर थांबत नसत.

ऐशा मातब्बर इसमास महाविद्यालयाचे प्राचार्य भूपेशराव यांनी मोठ्या अदबीने बोलावून, आठवड्यातून चार तास मुलांस प्रोग्राम शिकवावा, ऐसी विनंती केली. सरांनी ती कबूल केली आणि पहिले दिवशीच संगणककक्ष पाहावयास गेले, तो काय पाहतात? दारास कुलूप. खिडकीतून नजर टाकिली, तो नवे कोरे संगणक ओळीने बसलेले, आणि नखशिखांत प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेले. शिपाई सुकलाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता, त्यास सरांनी कुलूप काढावयास फर्माविले. त्याने किल्ल्या पाठीमागे धरिल्या.

“सर, पन्नीले हात लावू नका,” तो म्हणाला. “उद्घाटन बाकी शे. मन्ही नोकरी जाई.”

उद्घाटन करणार होते साहेब. साहेब म्हणजे त्या मुलखाचे पुढारी, ज्यांचे खटपटीने संगणक आले. कोनशिला कोरून तयार होती. परंतु तीवर ज्या पक्षाचे थोर नाव होते, तो पक्ष साहेबांनी मध्यंतरी सोडिला. मग नवी शिला झाली, मग निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग साहेबांचा गुडघा दुखावला, आणि मग साहेब पुन्हा जुन्या पक्षात जातील ऐसी आवई उठली, सबब पाथरवटाने छिन्नी खाली ठेविली. आणि इकडे मुले प्रोग्राम वहीत लिहीत, पेनाने, आणि खाली उत्तरही आपणच लिहीत. संगणकाने ते कधी पाहिले नव्हते.

त्या मुलांत काजल पावरा म्हणोन एक होती. अक्राणीच्या डोंगरातून जीपने उतरून वसतिगृही राहिलेली, आईबाप ऊसतोडीस गुजरातेत. अक्षर बारीक आणि बोलणे त्याहून कमी. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि ती बाहेरगावी, दुसऱ्या केंद्रावर, खऱ्या यंत्रांपुढे होणार होती. तीत नापास होणारा विद्यार्थी वर्षास मुकणार होता.

सरांनी कंबर कसिली. पहिली चाल प्राचार्यांवर केली आणि त्यांस शिक्षणाची दुर्दशा घंटाभर ऐकविली. भूपेशरावांनी मान डोलावून संपूर्ण ऐकिले, चहा पाजिला, आणि साहेबांकडे बोट दाखविले. दुसरी चाल थेट साहेबांचे बंगल्यावर. साहेबांनी दुखरा पाय पाटावर ठेवून पृच्छा केली की, मास्तर, या एआयने आमचे भाषण पावरी बोलीत करविता येईल काय? याचे उत्तर हो किंवा नाही इतकेच होते. परंतु सरांनी जुन्या संगणकांच्या भोकांच्या कार्डांपासून सुरुवात केली, आणि फ्लॉपीपर्यंत पोहोचले तेव्हा समोर साहेब नव्हते, पाट होता.

शिकस्त खाऊन सर घरी आले. शिरीनबींनी ताट वाढिले आणि सर्व हकीकत ऐकून घेतली.

“इतलं बोली उनात,” त्या म्हणाल्या, “पन एक तरी मशीन चालू व्हयनं का?”

सर जेवले, परंतु घास गोड लागला नाही.

दुसरे दिवशी तो राग वर्गावर निघाला. एआय ही कैसी मुलांची अक्कल कुरतडणारी वाळवी आहे, यावर सरांनी तोफा डागल्या. मग काजलची वही उचलून तिचा प्रोग्राम वाचिला. एकापासून ठराविक आकड्यापर्यंत बेरीज करणारा साधा प्रोग्राम. सरांनी उभ्या उभ्या उत्तर सांगितले, पंचेचाळीस.

काजल उभी राहिली. “सर, फोनमधलं एआय पंचावन्न म्हणतं. मी कोणाचं लिहू?”

सरांनी विचारिले की, समोर शिक्षक असता फोनास विचारण्याचे कारण काय?

“ते रागवत नाही, सर.”

इतकेच बोलोन ती खाली बसली. त्या वाक्यात उर्मटपणा नव्हता, म्हणोन ते अधिक लागले. सरांस चाळीस वर्षांत वरिष्ठांनी, गिऱ्हाइकांनी, परदेशच्या साहेबांनी बहुत काही ऐकविले होते, परंतु ऐसे काळजात कोणी शिरले नव्हते. आणि त्यासवेच ध्यानी आले की, पंचेचाळीस की पंचावन्न याचा निवाडा करणारा काजी शेजारच्या खोलीत पन्नीत गुंडाळून बसला आहे.

मग सर प्राचार्यांकडे गेले. या खेपेस तंत्रज्ञान नाही, शिक्षण नाही, राजकारण नाही. उभ्यानेच एक प्रश्न केला.

“साहेबांनी सगळ्यांदेखत बटण दाबलं आणि मशीन चालूच झालं नाही, तर?”

भूपेशरावांचे हातातील पेन थांबले. त्यांनी ती घडी मनश्चक्षूंपुढे पाहिली असावी, हार, कॅमेरे, काळा पडदा, आणि त्याहून काळा साहेबांचा चेहरा, कारण तत्क्षणी सुकलालास हुकूम सुटला की, उद्घाटनाची रंगीत तालीम करणे, आणि तीत मुलांस बसविणे.

पन्नी उतरली तेव्हा चर्र चर्र ऐसा आवाज जाहला, आणि सुकलालाने डोळे मिटून घेतले. यंत्रे उठली. काजलने वहीतला प्रोग्राम एका बोटाने उतरविला, सर एका खांद्यामागे, सारा वर्ग दुसऱ्या खांद्यामागे. तिने कळ दाबिली. पडद्यावर पंचेचाळीस उमटले नाही आणि पंचावन्नही उमटले नाही. लाल अक्षरांत चूक उमटली.

एका ओळीचे शेवटी अर्धविराम राहिला होता. वहीतही नव्हता. सरांनी वाचिले, त्यांस दिसला नाही. फोनास विचारिले, त्याने चूक न दाखविता मनाने भरून घेतला. वर्ग त्या लाल ओळीकडे ऐसा पाहू लागला की जणू बिळातून ससा निघाला, कारण वही कधी उलटून बोलली नव्हती. काजल हसली. तिने अर्धविराम दिला आणि पुन्हा कळ दाबिली.

पंचावन्न.

सर भिंगे पुसून वहीवर वाकले. दहापेक्षा लहान, या खुणेखाली काजलने एक बारीक रेघ ओढिली होती, म्हणजे दहासुद्धा धरावा. सरांनी ती न पाहताच बेरीज नवावर थांबविली होती. क्षणभर असे वाटले की अक्षरास दोष द्यावा, आणि तो देणे सोपेही होते.

“माझं चुकलं,” सर म्हणाले. “रेघ बघितली नाही. आता ती रेघ काढून टाक आणि काय होतं ते तूच मला सांग.”

आणि ती सांगू लागली, आणि सर मध्ये बोलले नाहीत, ही गोष्ट वर्गास त्या दिवशीची सर्वांत थोर वाटली.

पुढे साहेबांची तारीख ठरेना, म्हणोन प्राचार्यांनी फर्मान काढिले की, उद्घाटन होईतो तालीम रोज व्हावी. ती रोज होते. परीक्षेस अवघा वर्ग उतरला आणि सर्वच्या सर्व पार जाहले.

येणेप्रमाणे संगणककक्षाची मोहीम फत्ते जाहली. गनिमाची पन्नी सुकलालाने घरी नेऊन कोंबड्यांचे खुराड्यावर घातली. आपल्या पक्षाची हानी: आपली नजर कधी चुकत नाही, हे मुनव्वर सरांचे एक मत, जागीच ठार. बाकीची मते सुखरूप असून टपरीवर रोज संध्याकाळी ऐकावयास मिळतात. लेखनसीमा.