केळीसारखे बांधलेले तंबू

शाळेच्या शिबिरातल्या तंबूंसाठी दोरी आणायचं काम जीवराम सरांवर आलं, तेव्हाच हेडसरांनी दम भरला, "यंदा तंबू पडले तर शिबिर कायमचं बंद." आदल्या वर्षी सुतळी तुटून अख्खा तंबू हेडसरांच्याच अंगावर आला होता. आणि शिबिर म्हणजे तर जीवराम सरांचा जीव की प्राण.

सर धुळ्याला गेले आणि ताडपत्रीवाल्याकडून शेवईएवढी बारीक नायलॉनची दोरी घेऊन आले. अमळनेरच्या शाळेत जो तो ती बोटाला गुंडाळून बघू लागला.

"हिच्यावर तंबू राहणार?" हेडसरांनी विचारलं.

"तंबू काय सर, मी राहतो," म्हणत सरांनी ती निंबाच्या फांदीला बांधली आणि खुशाल लोंबकळले. हेडसरांनाही राहवेना, तेही लोंबकळले. दोरी तुटली नाही. हेडसरांना खाली उतरवायला मात्र स्टूल आणावं लागलं.

अनेर नदीच्या काठी पाच तंबू लागले. आता जीवराम सर पडले केळीवाल्या घरातले. वारा सुटायच्या दिवसांत केळीचं एक झाड दुसऱ्याला बांधून ठेवायचं, म्हणजे एकटं कुणी पडत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी पाचही तंबू एकमेकांना बांधून टाकले. गाठही त्यांची स्वतःची होती, ओढाल तितकी आवळणारी.

"आता वाऱ्याच्या बापाला भीत नाही," सर म्हणाले.

वारा आलाच नाही. म्हैस आली. चरता चरता पहिल्या तंबूची दोरी तिच्या शिंगात अडकली, ती बिचकली आणि गावाकडे पळत सुटली. वाळूतल्या खुंट्या पटापट उपटल्या आणि तंबूंची वरात तिच्यामागे निघाली. शेवटच्या तंबूत हेडसर नुकतेच आंघोळ करून आले होते. तंबू गेला, आत टांगलेले कपडे गेले, आणि हेडसर टॉवेलवर उघड्या वाळूत उभे राहिले. टॉवेल धड बसेना, आणि समोरून गावातल्या बाया पाण्याला येत होत्या.

"सर, दोरी उरलीय का थोडी?" हेडसरांनी हळूच विचारलं.

जीवराम सरांनी लगबगीनं त्यांच्या कमरेला दोरी गुंडाळली आणि आपली ती गाठ मारली.

थोड्या वेळानं म्हशीची मालकीण तानुबाई म्हैस आणि तंबू परत घेऊन आली. हेडसरांची पँट तिच्या खांद्यावर होती.

"मास्तर, मनी म्हैस रोज दावं तोडी टाकस. आज दोरी तुटनी नहीं. कोठली शे हाई?"

"धुळ्याची," जीवराम सरांना अशाही वेळी अभिमान लपवता आला नाही.

"आधी पँट द्या," हेडसर म्हणाले.

पँट मिळाली, पण गाठ सुटेना. हेडसर पोट आत ओढत होते, सर नखांनी उकरत होते आणि गाठ आणखीच आवळत होती. तानुबाईनं विळा पुढे केला, तसे पोट सांभाळत हेडसर मागे सरकले. शेवटी त्यांनी टॉवेलवरच पँट चढवली. बटण काही लागलं नाही.

"सर, मग शिबिर बंद का?" जीवराम सरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

हेडसरांनी उघडी पँट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चालू ठेवा," ते म्हणाले. "बंद केलं तर संस्थेला कारण सांगावं लागेल."