आत्माबाबचे बोट

तक्रारदार : विठ्ठल सोमा परब, वय एक्कावन्न, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर, राहणार देऊळवाडा.

सामनेवाला : आत्माराम बाबी गावस, वय सांगत नाही, खाणीच्या जेटीवरून निवृत्त, राहणार नदीच्या उतरणीवर, एकटा.

घटनेची वेळ : गोवा घटक राज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षी शिगमो आटोपल्यावरचा सोमवार, सकाळी नऊ.

साक्षीदार : माझी पत्नी, जिने सामनेवाल्यास चहा दिला, आणि माझ्या ओसरीची खिडकी.

हकीकत : सामनेवाल्याने सदर खिडकीच्या पट्टीवरून उजव्या हाताचे पहिले बोट फिरवले, ते उजेडात धरून पाहिले, आणि माझ्या राहत्या घरास शंभरपैकी एक्केचाळीस गुण दिले.

एवढे वाचून आत्माबाब हा आरोग्य खात्याचा कोणी बडा अधिकारी असावा, असा वाचकांचा समज होईल. तसे काही नाही. तीस वर्षे तो जेटीवर खनिज मातीचे नमुने काढीत असे. प्रत्येक ट्रकातून फावडेभर माती घ्यायची, तिचा ढीग करायचा, ढिगाचे चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे, उरलेल्यांचा पुन्हा ढीग. असे करीत शेवटी एक लहानशी पिशवी उरते. तिच्यावर आत्माबाबची सही पडली की माल कोणत्या प्रतीचा ते ठरे आणि जहाज भरू लागे. प्रत अर्ध्या टक्क्याने वाढवून द्या म्हणून अनेक थोर माणसांनी त्याला विनवले. त्याने वाढवली नाही. म्हणून तो नमुनेवाला म्हणून लागला आणि नमुनेवाला म्हणूनच घरी आला.

माणूस घरी आला तरी हाताची सवय जेटीवरच राहिली. पोदेर सकाळी पावाची पाटी घेऊन आला की आत्माबाब पाटीच्या तळातला पाव मागतो. मासळीवालीकडे वरचा बांगडा तो हातात धरीत नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानावर भाजी वाढण्यापूर्वी आचाऱ्याला पातेले तळापासून ढवळावे लागते. "वरचां दाखवपाचां, खालचां खरां," हे त्याचे पालुपद. सरपंचांचे तासाभराचे भाषण ऐकून तो एकदा मला म्हणाला, "विठू, चार वाटे केलंय, दोन टाकलंय, परत केलंय, परत टाकलंय. पिशयेत कायच उरूक नाय."

अशा माणसास सार्वजनिक काम द्यावे हे कोणाच्याही मनात आले नसते. ते त्याने स्वतःच काढले.

आमच्या गावाचा खालचा वाडा खाणीच्या रस्त्याला लागून आहे. बावीस घरे. सकाळी सातला पहिला ट्रक सुटतो, तेव्हापासून दिवसभर तांबडी धूळ. वरच्या डोंगरावरची माती पावसात वाहून विहिरीत उतरली, आणि विहिरीचे पाणी असे झाले की त्यात धुतलेले पांढरे धोतर संन्याशाला द्यावे. बायका पाण्यासाठी चढण चढून आमच्या देऊळवाड्याच्या झरीवर येतात. त्यातच पंचायतीला एका नळाची मंजुरी आली. वाडे सात, नळ एक. तेव्हा आत्माबाब कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"घरांची आणि वाड्यांची प्रत काढूया," तो म्हणाला. "मातयेची काढतत, माणसां ऱ्हवतत तेची कित्याक नाय?"

त्याने कलमे सांगितली : विहिरीत मे महिन्यात पाणी राहते का, पावसाचे पाणी अंगणात मुरते का, सांडपाणी कुठे जाते, सावली किती, फळझाडे किती, वाटसरूला टेकायला दारात सोपो आहे का, आणि खिडकीवर धूळ किती. पाणी आणि धूळ या दोन कलमांना मिळून निम्मे गुण. घरांच्या गुणांवरून वाड्याचे गुण, आणि वाड्याच्या गुणांवरून नळ.

माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले; पुढचे मी इतरांच्या अर्जांवर केले. त्या काळात राजभाषेचा निकाल नुकताच लागला होता, त्यामुळे माझ्याकडे अशील कोंकणीत रडे, मी ते मराठीत मांडी, आणि साहेब इंग्रजीत नाही म्हणत. आत्माबाबने तोंडी सांगितलेले जसेच्या तसे लिहिले असते तर कचेरीत हसे झाले असते. म्हणून दोन-चार ठिकाणी मी भाषा सुधारली, आणि 'तपासणीची वेळ तपासनिसाने ठरवावी' असे एक भारदस्त कलम पदरचे घातले. त्याने न वाचता सही केली.

पंचायतीने अर्ज एकमताने मान्य केला. ज्या वाड्याला सर्वांत जास्त गुण, त्याला नळ. आत्माबाब सभेत उठून काही बोलू लागला, तेव्हा सरपंच म्हणाले, "आत्माबाब, पयल्या नंबराक बक्षीस आसता. शेवटच्याक बक्षीस दिल्लां खंय आयकलास?" सभा हसली. मीही हसलो. आत्माबाब खाली बसला. फुकट काम करणारा दुसरा कोणी नसल्यामुळे तपासनीस म्हणून त्याचीच नेमणूक झाली.

त्यानंतर गावात सदाचाराची जी लाट आली तिचे वर्णन करणे माझ्या लेखणीस कठीण आहे. ज्यांनी जन्मात झाड लावले नव्हते त्यांच्या दारी चिकूची रोपे दिसू लागली. देऊळवाड्यात खरी रोपे दोनच होती. आत्माबाब पुढच्या दाराने बाहेर पडे, तोवर मागच्या दाराने रोपे शेजारच्या घरी पोचत. तिसऱ्या घरी त्याने एका रोपाला गुपचूप दोरा बांधला. सातव्या घरी तेच रोप दिसल्यावर तो वाकून त्याला म्हणाला, "काय गो, परत गावलंस? दमलंस काय?" आणि घरवाल्याकडे न बघता शून्य लिहिले.

आमच्याच वाड्यातल्या दयानंदशेटच्या बंगल्यात मात्र त्याला काहीच लपवलेले सापडले नाही. शेटचे बारा ट्रक खाणीवर चालतात. बंगल्याच्या खिडक्या काचेच्या, बारा महिने बंद, आत थंड हवेचे यंत्र.

"फुल मार्क घाला, आत्माबाब," शेट म्हणाले. "बंगलो कसो आसता तो लोकांका कळांदे."

आत्माबाबने बोट फिरवले. बोट स्वच्छ. "फुलच घालतंय, शेट. धूळ सगळी दुसऱ्यांच्या घरात पोचवल्यार तुमच्या घरात खंयसून गावतली?"

आणि मग तो माझ्या घरी आला. माझ्या पत्नीने रिवाजाप्रमाणे म्हटले, "दादा, आधी चा घेवा, मगे बोटां फिरवा."

"आधी नमुनो, मगे चा."

अंगणाला मी सिमेंट केले आहे. पाणी मुरत नाही म्हणून शून्य. सोपो मी लोखंडी ग्रीलने बंद केला आहे; वाटसरूला टेकता येत नाही म्हणून शून्य. संडासाची टाकी विहिरीजवळ आहे. त्याला त्याने शून्याच्याही खाली काही देता येते का ते कागदावर शोधले. मग चहा घेतला, तळापासून ढवळून, आणि "बाय, चा बरो जालो," असे माझ्या पत्नीस सांगितले. चहाला गुण नव्हते. त्याने स्वतःच्या घराला अडतीस दिले होते हे नंतर कळले, तेव्हा मला किंचित बरे वाटले.

निकाल पंचायतीच्या फळ्यावर लागला. खालचा वाडा चौऱ्याहत्तर, पहिला. देऊळवाडा बाहत्तर, दुसरा.

सिमेंट नाही म्हणून गुण, ग्रील नाही म्हणून गुण, सांडपाणी केळीला घालतात म्हणून गुण, विहिरीत मे महिन्यातही पाणी राहते म्हणून गुण, मग ते तांबडे का असेना. दारिद्र्याला इतके गुण पडलेले मी प्रथमच पाहिले. ते एक वेळ मान्य. पण ज्या वाड्यात माणसाला माणूस दिसत नाही त्या वाड्याला धुळीच्या कलमाखाली बावीसच्या बावीस घरी पूर्ण गुण? शिवाय देऊळवाड्यात जो तो मला म्हणू लागला की परबांच्या एक्केचाळीसाने वाडा बुडवला. शेटने तर ग्रीलवर टिचकी मारून विचारले, "विठू, आतून कडी घालतंस मरे?"

मी हरकतीचा अर्ज केला. माझ्या कारकिर्दीतील तो उत्कृष्ट अर्ज होय. पंचायतीने फेरतपासणी मान्य केली : पंचायतीचा सेक्रेटरी न सांगता कोणत्याही सकाळी येईल, आणि धूळ निघाली तर निकाल रद्द.

पुरावा गोळा करणे हे तक्रारदाराचे कर्तव्य असते. त्या दिवसांत आत्माबाब पहाटे आमच्या झरीवरून सायकलला दोन कॅन अडकवून पाणी नेताना दिसे. मी पत्नीस म्हटले, "आता अडतीसाचे चाळीस करण्यासाठी स्वतःच्या झाडांना पाणी घालतो आहे." एका सकाळी वही-पेन घेऊन मी खालच्या वाड्यात उतरलो.

आत्माबाबची सायकल यसोबाईच्या माडाला टेकली होती. यसोबाई ही त्या वाड्यातील सर्वांत म्हातारी बाई. तीन वर्षांपासून गुडघ्यांमुळे झरीवर येत नाही, शेजारणींनी आणून दिले तर पिते. ती उंबऱ्यावर बसून बोलत होती.

"पिवपाक पाणी नाय आणि हो बाबा खिडक्यो धुता. रोज. खुळो जालो."

"पिऊन गुण पडनत नाय, यसोबाय," आतून उत्तर आले.

आत्माबाब खिडकीची पट्टी ओल्या फडक्याने पुसत होता. कोपरे नखाने. मला पाहून तो दचकला नाही.

"बोट फिरव," तो म्हणाला.

मी फिरवले. स्वच्छ.

"लिही. खोटी प्रत मी कधी दिल्लंय नाय. सातच्या आधी हय धूळ नाय."

"तपासणीच्या दिवशीही धुतल्या होत्या?"

"बावीस घरां. पयली धुवची, मगे सातच्या आत तपासची. तीन दिवस लागले. आता तुझी हरकत, म्हणून रोज."

मग सात वाजले. पहिला ट्रक वाड्यावरून गेला, मागोमाग दुसरा. यसोबाईने पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. आत्माबाबने पुन्हा मला खुणेने सांगितले. मी बोट फिरवले. ते तांबडे झाले. त्याने माझे बोट हातात धरून उजेडात नेले, जसा तो पिशवीतला नमुना पाहत असेल तसे पाहिले.

"चांगली माती," तो म्हणाला. "वरच्या डोंगराची. माल पास केल्ल्याची सही माझीच."

मी वही मिटली. मूळ अर्ज सांगताना त्याचे शेवटचे वाक्य काय होते ते मला तेव्हा आठवले, म्हणजे मला ते नेहमीच आठवत होते. त्याने सांगितले होते, 'ज्यांका कमी, तेंका पयलां.' सरकारदरबारी यादी नेहमी वरून खाली असते, म्हणून मी तिथे 'गुणानुक्रमे प्राधान्य देण्यात यावे' असे लिहिले. वाक्य अतिशय शुद्ध होते.

"तुमी सभेत तेव्हाच सांगूक होयां होतां," मी म्हणालो. "विठूने चुकीचां लिवल्यान म्हणान."

"तुझो धंदो आसा," तो फडके पिळत म्हणाला. "लोक तुझ्याकडे अर्ज करूक येतत." आणि पलीकडच्या घराकडे वळता वळता, "दुसरो कॅन हाड."

मी आणला. वाचकांनी याचा भलता अर्थ काढू नये. कॅन जड होता आणि माणूस वयस्क आहे.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत मी हरकत मागे घेण्याचा अर्ज दिला. हरकत मागे घेता येत नाही, नोंद झाली आहे, असे सेक्रेटरीने सांगितले. तो नियम माझ्याच एका जुन्या अर्जावरून पडलेला आहे. म्हणून त्याच अर्जाखाली मी पुढील मजकूर जोडला आहे. उत्तराची वाट पाहत आहे, सकाळी साडेसहापासून, खालच्या वाड्यात.

'तरी मेहेरबान पंचायतीस विनंती की, मूळ अर्जातील कलमान्वये तपासणीची वेळ ठरविण्याचा अधिकार तपासनिसाचा असल्याने, फेरतपासणी सकाळी सातच्या आत करावी. सेक्रेटरी येण्याची तारीख एक दिवस अगोदर लेखी कळवावी. घरे बावीस असून माणसे दोनच आहेत. योग्य तो न्याय व्हावा आणि लेखी उत्तर मिळावे. अर्जदाराच्या घराचे एक्केचाळीस गुण अर्जदारास मान्य आहेत.'